एका लॉग-फाइलला एकच धनी: स्प्रिंग बूटमध्ये लॉगबॅकची मांडणी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेचे कर्जवसुलीचे सॉफ्टवेअर स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर बांधलेले आहे. ते एका लिनक्स सर्व्हरवर नोहप (लॉगआउटनंतरही प्रोग्राम चालू ठेवणारा आदेश) लावून आणि कन्सोलचे आउटपुट एका फाइलकडे वळवून चालवले जाते. लॉगबॅक या लॉग (कामाच्या नोंदी) लिहिणाऱ्या लायब्ररीच्या एक्सएमएल सेटिंग-फाइलमध्ये मॅक्स-हिस्टरी (जुन्या फाइल किती काळ ठेवायच्या ते) 7 ठेवूनही डिस्क पूर्ण भरली. प्रत्येक ओळ लॉगमध्ये दोनदा उमटते. ॲप्लिकेशन.प्रॉपर्टीज या स्प्रिंग बूटच्या सेटिंग-फाइलमध्ये डीबग (सविस्तर नोंदी) चालू केले, तरी स्वतःच्या क्लासमधील डीबग ओळी दिसत नाहीत. प्रश्नकर्त्याने एक आदर्श एक्सएमएल मागितली आहे आणि हे सारे सोडून लॉगफोरजे 2 या दुसऱ्या लॉगिंग फ्रेमवर्ककडे वळावे का, असेही विचारले आहे.

तयार एक्सएमएल देणे सोपे आहे, पण ती चिकटवून या तीन तक्रारींपैकी एकही खात्रीने सुटणार नाही. वरवर या तक्रारी वेगळ्या वाटतात; माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. कोणत्या ना कोणत्या गोष्टीला येथे दोन धनी झाले आहेत: एका फाइलला दोन, एका ओळीला दोन किंवा एका सेटिंगला दोन. प्रत्येक ठिकाणी धनी कोण हे एकदा ठरले की उरलेली मांडणी फार अवघड नाही. मात्र हा निर्णय काही अंशी परिस्थितीवर अवलंबून आहे. सॉफ्टवेअर थेट सर्व्हरवर चालते की कंटेनरमध्ये (सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र, बंदिस्त खोक्यात), लॉग वाचणारा माणूस कोण आहे आणि जुना लॉग किती काळ जपणे बंधनकारक आहे, या तीन गोष्टी माहीत असल्याशिवाय कोणीही "हेच बरोबर" असे ठामपणे सांगू नये. खालचे विवेचन तुमच्यासारख्या साध्या सर्व्हरवरच्या मांडणीला धरून आहे.

आधी डिस्क. एक्सएमएलमध्ये बदल करण्यापूर्वी नेमकी कोणती फाइल वाढली आहे ते पाहा. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला दाट शंका आहे, की लॉगबॅकची फाइल सात दिवसांच्या आत नीट राहत असेल आणि डिस्क भरली असेल ती नोहपच्या आउटपुटने. स्प्रिंग बूट स्वतःहून फक्त कन्सोलवर लिहिते. तुमच्या एक्सएमएलमध्ये कन्सोल अपेंडर आणि फाइल अपेंडर (ओळी प्रत्यक्ष लिहिणारे भाग) दोन्ही असतील, तर प्रत्येक ओळ एकदा लॉगबॅकच्या फाइलमध्ये जाते आणि एकदा कन्सोलमार्गे त्या वळवलेल्या फाइलमध्ये जाते. त्या दुसऱ्या फाइलची लॉगबॅकला काहीच कल्पना नसते. ती फिरवणारे (म्हणजे जुनी बाजूला ठेवून नवी सुरू करणारे), कापणारे किंवा पुसणारे कोणी नाही, म्हणून ती प्रोसेस चालू असेपर्यंत वाढतच राहते. मॅक्स-हिस्टरीचा तिच्याशी काही संबंध नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो, कारण घाईच्या वेळी हीच गोष्ट माणसाला गोंधळात टाकते. चालू प्रोसेसने उघडून ठेवलेली फाइल आरएम आदेशाने पुसली तर तिचे नाव जाते, पण जागा मोकळी होत नाही. प्रोसेस ती फाइल बंद करेपर्यंत ती जागा अडलेलीच राहते. डीएफ (डिस्कचा वापर दाखवणारा आदेश) सांगते की डिस्क भरलेली आहे, डीयू (फोल्डरचा आकार मोजणारा आदेश) सांगते की फोल्डरमध्ये फारसे काही नाही, आणि दोन्ही आकडे खरे असतात. एलएसओएफच्या (उघड्या फाइल दाखवणाऱ्या आदेशाच्या) यादीत अशी फाइल "डिलीटेड" या शेऱ्यासह दिसते. पुसण्याऐवजी फाइल शून्यावर आणणे, म्हणजेच ट्रंकेट करणे, हा योग्य मार्ग असला तरी त्यातही एक खोच आहे. नोहप लावताना आउटपुट एकेरी बाणाने (>) वळवले असेल, तर प्रोसेसला आपण फाइलमध्ये कुठवर लिहिले आहे ती जागा लक्षात असते आणि ट्रंकेटनंतरही ती तिथूनच पुढे लिहिते. परिणामी एलएस या फाइलची यादी देणाऱ्या आदेशात फाइल पुन्हा पूर्वीएवढीच मोठी दिसते, जरी डिस्कवर तिने प्रत्यक्षात थोडीच जागा घेतलेली असते. दुहेरी बाणाने (>>), म्हणजे शेवटी भर घालण्याच्या पद्धतीने वळवले असेल, तर ही अडचण येत नाही.

कायमचा उपाय म्हणजे नोहप सोडून सॉफ्टवेअर सिस्टमडीची (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेची) सेवा म्हणून चालवणे. मग कन्सोलचे आउटपुट जर्नल या तिच्या नोंदवहीकडे जाते आणि जर्नलला स्वतःची मर्यादा असते: वेगळे काही न सांगितल्यास डिस्कवरचा जर्नल त्या फाइल-सिस्टमच्या 10 टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त 4 जीबीपर्यंत वाढतो. त्यानंतर उत्पादनाच्या (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरच्या) प्रोफाइलमधून कन्सोल अपेंडर काढून टाका आणि सॉफ्टवेअरच्या ओळी फक्त लॉगबॅकच्या फाइलमध्ये जाऊ द्या. कन्सोलवर तरीही थोडेफार येईल: थेट सिस्टिम.आउटवर छापणाऱ्या लायब्ररी किंवा जेव्हीएमचा (जावा चालवणाऱ्या यंत्रणेचा) थ्रेड डम्प. ते जर्नलमध्ये राहील आणि गरज पडल्यास तिथे सापडेल. याउलट सॉफ्टवेअर उद्या कंटेनरमध्ये गेले, तर निर्णय उलटा होतो. तिथे फाइल अपेंडर काढावा, सगळे कन्सोलवर लिहावे आणि फाइल फिरवण्याचे काम बाहेरच्या यंत्रणेवर सोपवावे. कुबरनेटीज या कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेत हे काम क्युबलेट हा तिचा घटक करतो आणि वेगळे न सांगितल्यास 10 एमआयबीच्या 5 फाइल ठेवतो. नुसत्या डॉकरमध्ये मात्र जेसन-फाइल हा मूळचा ड्रायव्हर आकाराची कोणतीही मर्यादा घालत नाही. ती तुम्हाला स्वतः घालावी लागते.

याच ओघात लॉगरोटेट या लॉग-फाइल फिरवणाऱ्या लिनक्सच्या साधनाची चौकशी करा. सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीने सद्‌हेतूने लॉगबॅकच्या फाइलवर लॉगरोटेट लावलेले असते आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. लॉगरोटेटने फाइलचे नाव बदलले तरी लॉगबॅक त्याच उघड्या फाइलमध्ये, म्हणजे नव्या नावाच्या फाइलमध्ये लिहीत राहतो, आणि मग कोणत्या दिवसाचा लॉग कोणत्या फाइलमध्ये आहे याचा मेळ लागत नाही. दोघांपैकी एकच ठेवा.

आता लॉगबॅकच्या फाइलचे स्वतःचे नियम. मॅक्स-हिस्टरी 7 म्हणजे सात दिवस, हे फाइलच्या नावातील तारखेचा साचा दिवसापर्यंत असेल तरच खरे आहे. साच्यात तास असेल तर तेच 7 सात तासांचे होतात आणि महिना असेल तर सात महिन्यांचे. दुसरे असे, की मॅक्स-हिस्टरी काळावर मर्यादा घालते, आकारावर नाही. तुम्ही आकार आणि काळ या दोन्हींवर फिरणारे धोरण वापरत असाल आणि प्रत्येक फाइल 50 एमबीची ठरवली असेल, तर सामान्य दिवशी दोन-तीन फाइल होतील; पण एखाद्या रात्री डेटाबेसची जोडणी तुटून तीच चूक दर सेकंदाला शेकडो वेळा लिहिली जाऊ लागली, तर त्याच एका दिवसाच्या शेकडो फाइल होतील आणि सात दिवसांचा नियम त्यांना हातही लावणार नाही. तिथे खरे संरक्षण टोटल-साइझ-कॅप (सर्व फाइलच्या एकूण आकाराची मर्यादा) देते. स्प्रिंग बूटच्या तयार सेटिंगमध्ये फाइल 10 एमबीला फिरते आणि 7 दिवस ठेवली जाते, पण एकूण आकाराची मर्यादा शून्य, म्हणजे बंद असते. ती तुम्हीच घाला. लॉगसाठी वेगळी डिस्क किंवा वेगळे विभाजन असेल, तर त्यातील निम्म्याहून थोडी अधिक जागा ही मर्यादा म्हणून ठेवण्याची माझी पद्धत आहे, कारण दाबून ठेवण्याच्या म्हणजे जीझिप करण्याच्या क्षणी मूळ आणि दाबलेली अशा दोन्ही फाइल काही काळ एकत्र असतात. ही मर्यादा मॅक्स-हिस्टरीही दिलेली असेल तरच लागू होते, हे विसरू नका.

मध्यरात्री फाइल फिरली नाही म्हणून घाबरून जाऊ नका. लॉगबॅक घड्याळाच्या ठोक्यावर फाइल फिरवत नाही. तारीख बदलल्यानंतर पहिली ओळ येते तेव्हा फिरवतो. रात्री व्यवहार नसलेल्या पतसंस्थेत ती पहिली ओळ सकाळी शाखा उघडल्यावर येऊ शकते. जुन्या फाइल पुसण्याचे कामही फिरवण्याच्या वेळीच होते. त्यामुळे दिवसातून थोडाच वेळ चालून बंद होणाऱ्या छोट्या कामांसाठी सुरुवातीलाच सफाई करण्याचे क्लीन-हिस्टरी-ऑन-स्टार्ट हे सेटिंग चालू करावे लागते.

दुसरी तक्रार दुहेरी ओळींची. दोन ओळींची वेळ मिलिसेकंदापर्यंत सारखी आहे का आणि थ्रेडचे (ते काम करणाऱ्या धाग्याचे) नाव तेच आहे का, ते पाहा. दोन्ही सारखे असेल तर दोष मांडणीचा आहे. वेळ थोडी वेगळी असेल, तर तुमच्याच कोडमध्ये तीच गोष्ट दोनदा लिहिली जाते आहे. याचे नेहमीचे कारण म्हणजे खालच्या थराने एक्सेप्शन (कोडमध्ये उठलेली चूक) पकडून लिहिणे आणि पुन्हा वर फेकणे, आणि वरच्या थरानेही तेच करणे. तिथे उपाय एक्सएमएलमध्ये नाही. जो थर त्या चुकीचे काही करणार आहे, म्हणजे व्यवहार मागे घेणार आहे किंवा वापरकर्त्याला उत्तर देणार आहे, त्यानेच लिहावे आणि बाकीच्यांनी फक्त पुढे फेकावे.

मांडणीचा दोष असेल तर तो ॲडिटिव्हिटीचा (ओळ वरच्या लॉगरकडेही जाण्याच्या गुणाचा) असण्याची शक्यता फार मोठी आहे. लॉगबॅकमध्ये लॉगर (कोडकडून ओळी घेणारे भाग) पॅकेजच्या नावाप्रमाणे एकाखाली एक लागलेले असतात आणि सर्वांच्या वर रूट असतो. तुमच्या पॅकेजच्या लॉगरला एक अपेंडर जोडला आणि रूटलाही तोच जोडला, तर ओळ आधी पॅकेजच्या अपेंडरकडे जाते आणि मग वर चढून रूटच्या अपेंडरकडेही जाते. बहुतेकांना वाटते, की रूटची लेव्हल (ओळीच्या गांभीर्याची पायरी: ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर अशी चढती) वॉर्न ठेवली आहे, तेव्हा खालून येणारी डीबग ओळ तिथे अडेल. ती अडत नाही. ओळ घ्यायची की नाही हे ज्या लॉगरवर ती लिहिली त्याच्या लेव्हलवरून एकदाच ठरते, आणि एकदा घेतलेली ओळ वर जाताना वरच्या लॉगरची लेव्हल पुन्हा तपासली जात नाही. फक्त त्याचे अपेंडर वापरले जातात. ही एक गोष्ट नीट समजली की लॉगबॅकमधील निम्मी कोडी सुटतात. म्हणून पॅकेजच्या लॉगरवर फक्त लेव्हल लिहा, अपेंडर लिहू नका. अपेंडर रूटवरच असू द्या. एखाद्या लॉगरच्या ओळी खरोखरच वेगळ्या फाइलमध्ये हव्या असतील, जसे वसुलीच्या व्यवहारांची नोंद, तर त्यालाच अपेंडर द्या आणि ॲडिटिव्हिटी फॉल्स करा. आणि एखाद्या अपेंडरपर्यंत ठरावीक लेव्हलच्या खालच्या ओळी पोहोचू नयेत असे वाटत असेल, तर त्या अपेंडरलाच थ्रेशोल्ड फिल्टर लावा.

हाच फिल्टर तुमच्या तिसऱ्या तक्रारीचे एक कारण असू शकतो. लॉगरची लेव्हल डीबग आहे, पण फाइल अपेंडरवर इन्फोचा फिल्टर बसलेला आहे, अशा स्थितीत ओळ तयार होते आणि दारातच अडते. तरी माझा पहिला संशय वेगळ्याच गोष्टीवर आहे. तुम्ही ॲप्लिकेशन.प्रॉपर्टीजमध्ये "डीबग=ट्रू" लिहिले असावे. या सेटिंगने तुमचे क्लास डीबगवर जात नाहीत. एम्बेडेड सर्व्हर, हायबरनेट (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) आणि स्प्रिंग बूट अशा काही ठरावीक मूळ लॉगरच्या ओळी तेवढ्या वाढतात. तुमच्या पॅकेजसाठी "लॉगिंग.लेव्हल" च्या पुढे पॅकेजचे पूर्ण नाव लिहून त्याला डीबग द्यावे लागते.

येथे सेटिंगच्या दोन धन्यांचाही खुलासा करतो. प्रॉपर्टीजमधील लेव्हल एक्सएमएल वाचून झाल्यानंतर लावल्या जातात, म्हणून लेव्हलच्या बाबतीत दोन्हींत विसंगती असेल तर प्रॉपर्टीज जिंकते. फाइलचे नाव, ओळीचा साचा आणि फाइल फिरवण्याचे नियम यांचे मात्र तसे नाही. तुम्ही स्वतःची एक्सएमएल दिली आणि त्यात स्प्रिंगचे त्यासाठीचे व्हेरिएबल वापरले नाहीत, तर प्रॉपर्टीजमधील त्या ओळी निमूटपणे दुर्लक्षिल्या जातात. एक्सएमएलचे नावही महत्त्वाचे आहे. साधी लॉगबॅक.एक्सएमएल फार लवकर वाचली जाते, त्यामुळे तिच्यात स्प्रिंगच्या प्रोफाइलप्रमाणे वेगळे भाग करता येत नाहीत. त्यासाठी नाव लॉगबॅक-स्प्रिंग.एक्सएमएल हवे. दोन्ही नावांच्या फाइल प्रोजेक्टमध्ये असतील तर साध्या नावाची वापरली जाते आणि दुसरीत तुम्ही कितीही बदल केले तरी काही घडत नाही. तेव्हा एकच फाइल ठेवा. तिच्यात अपेंडर आणि फिरवण्याचे नियम असू द्या, आणि लेव्हल सगळ्या प्रॉपर्टीजमध्ये असू द्या. असे केल्याने सर्व्हरवरच्या माणसाला लेव्हल बदलण्यासाठी जार फाइल उघडावी लागत नाही. ॲक्च्युएटर (चालू सॉफ्टवेअरवर नजर ठेवण्याचे स्प्रिंग बूटचे साधन) वापरत असाल तर त्याच्या लॉगर्स या पत्त्यावरून चालू सॉफ्टवेअरची लेव्हल बदलता येते आणि काम झाल्यावर परत घेता येते. मात्र तो पत्ता बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका.

लेव्हल कुठे कोणती असावी याबद्दल मी फार नियम मानत नाही. उत्पादनात रूटवर इन्फो ठेवावी, आणि एररची एखादी ओळ आली तर कोणीतरी उठून पाहायला हवे, एवढ्या अर्थानेच एरर वापरावा. चुकीचा पासवर्ड टाकणे हा एरर नव्हे. त्याहून अधिक लक्ष ओळीत काय लिहिले आहे याकडे द्यावे. "व्यवहार अयशस्वी" एवढीच ओळ पाहून वसुली विभागाच्या फोनला उत्तर देता येत नाही. "वसुली नोंद अयशस्वी, पावती 4471, शाखा 12, टप्पा खातेनोंद, कारण लॉक मिळाला नाही" या ओळीवरून देता येते. व्हॅल्यू जोडताना अधिक चिन्हाने शब्द चिकटवू नका. महिरपी कंसांच्या जागा ठेवा आणि एक्सेप्शन शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून, त्याच्यासाठी कंस न ठेवता द्या, म्हणजे त्याचा पूर्ण स्टॅक ट्रेस छापला जातो. नुसता गेट-मेसेज लिहिल्याने चूक कोणत्या ओळीवर झाली ही सर्वांत मोलाची माहिती हरवते.

एकाच विनंतीच्या ओळी एकत्र ओळखता याव्यात म्हणून एमडीसी (ओळींसोबत छापायची माहिती ठेवण्याची लॉगबॅकमधील जागा) वापरा. विनंती येताच फिल्टरमध्ये तिला एक क्रमांक द्या, तो एमडीसीमध्ये ठेवा आणि ओळीच्या साच्यात छापा. एमडीसी थ्रेडला बांधलेला असतो आणि सर्व्हर तेच थ्रेड पुन्हा पुन्हा वापरतो, म्हणून फायनली भागात तो साफ करणे अनिवार्य आहे. अन्यथा एका खातेदाराच्या विनंतीचा क्रमांक दुसऱ्याच्या ओळींवर दिसेल, आणि क्रमांक अजिबात नसण्यापेक्षा हे अधिक वाईट आहे. तुम्ही स्वतः सुरू केलेल्या दुसऱ्या थ्रेडमध्ये हा क्रमांक आपोआप जात नाही. तो हाताने न्यावा लागतो.

एसिंक अपेंडरची (ओळी रांगेत ठेवून मागाहून लिहिणाऱ्या अपेंडरची) तुमच्या आकाराच्या सॉफ्टवेअरला बहुधा गरज नाही. लावणारच असाल, तर त्याची रांग मुळात 256 ओळींची असते आणि तिच्यात 20 टक्के जागा उरली की ट्रेस, डीबग आणि इन्फोच्या ओळी टाकून दिल्या जातात, हे ध्यानात ठेवा. पैशाच्या व्यवहारांची नोंद इन्फोवर होत असेल तर ती या मार्गाने पाठवू नका, किंवा डिस्कार्डिंग-थ्रेशोल्ड (ओळी टाकून देण्याची मर्यादा) शून्य करा.

पतसंस्थेच्या लॉगमध्ये काय जाऊ नये, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आधार क्रमांक, पॅन, ओटीपी, पासवर्ड आणि संपूर्ण विनंतीचा मजकूर लॉगमध्ये लिहू नका. हायबरनेटच्या बाइंड व्हॅल्यू छापणारा लॉगर ट्रेसवर ठेवला, की क्वेरीत गेलेली प्रत्येक व्हॅल्यू, खातेदाराच्या मोबाइल क्रमांकासह, फाइलमध्ये उतरते. तो लॉगर उत्पादनात बंदच असावा. अपेंडरमध्ये मजकूर झाकणारे साचे लावता येतात, पण ते शेवटचा अडसर म्हणूनच बरे. मुळात कोडमध्ये ती माहिती लॉगरच्या हाती देऊ नये. दुसऱ्या बाजूला, जपण्याच्या मुदतीचाही विचार करा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कॉर्पोरेट संस्थांसह अनेकांना आपल्या संगणक-प्रणालींचे लॉग 180 दिवस, आणि तेही भारताच्या हद्दीत, जपून ठेवावे लागतात. तुमच्या संस्थेला कोणते नियम नेमके लागू होतात ते लेखापरीक्षकांना विचारून घ्या. 180 दिवस पाळायचे असतील तर मॅक्स-हिस्टरी 7 मुळातच चुकीची ठरते. सर्व्हरवर 30 दिवसांचा लॉग ठेवून दाबलेल्या जुन्या फाइल रोज दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी हलवणे हा त्यातला व्यवहार्य मार्ग आहे. व्यवहारांच्या नोंदीची फाइल मात्र सामान्य लॉगपासून वेगळी ठेवा, कारण टोटल-साइझ-कॅप ओलांडली की सर्वांत जुन्या फाइल आधी पुसल्या जातात, आणि एका रात्रीच्या चुकांच्या ओळींच्या पुरात महिन्याभराच्या नोंदी वाहून जाऊ शकतात.

लॉगफोरजे 2 बद्दल. ते चांगले फ्रेमवर्क आहे, पण तुमच्या तिन्ही तक्रारी तिथेही जशाच्या तशा येतील, कारण लॉगरची उतरंड आणि ॲडिटिव्हिटी तिथेही आहे. डिसेंबर 2021 मध्ये उघड झालेली लॉगफोरशेल ही गंभीर त्रुटी लॉगफोरजे 2 ची होती. लॉगबॅकमध्ये ती नव्हती, पण लॉगबॅकच्या 1.2.7 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांतही एक वेगळी, तुलनेने मर्यादित त्रुटी होती. तेव्हा फ्रेमवर्क बदलण्यापेक्षा आवृत्ती ताजी ठेवणे महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी पॉम फाइलमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) लॉगबॅकची आवृत्ती स्वतः न लिहिता स्प्रिंग बूटला ठरवू द्यावी. काही कारणाने बदल करणारच असाल, तर स्प्रिंग बूटचा मूळ लॉगिंग स्टार्टर वगळून मगच लॉगफोरजे 2 चा स्टार्टर घाला. दोन्ही राहिले तर एसएलएफफोरजेला (कोड आणि लॉगिंग फ्रेमवर्क यांमधल्या दुव्याला) दोन मालक मिळतात आणि तो सुरुवातीलाच तसा इशारा छापतो. हा इशारा कन्सोलवरच्या पहिल्या काही ओळींत असतो, म्हणून सहसा कोणी वाचत नाही. तुम्ही तो आजच शोधून पाहा.

बदल उत्पादनात नेण्यापूर्वी चाचणी सर्व्हरवर फाइलचा आकार 1 एमबी, एकूण मर्यादा 5 एमबी आणि तारखेचा साचा मिनिटापर्यंत करून एक्सएमएल चालवा आणि थोडा कृत्रिम भार द्या. काही मिनिटांतच फाइल फिरताना, दाबल्या जाताना आणि जुन्या पुसल्या जाताना डोळ्यांनी दिसतील. काही घडले नाही तर एक्सएमएलच्या सुरुवातीला ऑन-कन्सोल-स्टेटस-लिसनर लावा. लॉगबॅक कोणती फाइल वाचतो आहे, कोणता अपेंडर कोणाला जोडतो आहे आणि कुठे अडतो आहे, हे तो स्वतः ओळीने सांगतो. त्यानंतरही काही उमगले नाही, तर ते आउटपुट आणि तुमची एक्सएमएल, त्यातील सर्व्हरची नावे काढून, येथे द्या. मग नेमक्या ओळीवर बोलता येईल.